सहीचा कागद

सहीचा दिवस होता, म्हणजे शाळेतली खेळाडू पोरं विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीच्या करारावर सगळ्यांसमोर सही करतात तो. जिममध्ये सगळी शाळा जमली होती आणि मी, लामॉन्टची आई, कँटीनचा ॲप्रन न काढताच त्याच्या शेजारी बसले होते. त्याने निवडलेल्या विद्यापीठाची टोपी डोक्यावर चढवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. फुटबॉल शिष्यवृत्तीचा कागद तेवढा यायचा होता. आला विद्यापीठाच्या कोचचा फोन. ह्याच मेल्याने माझ्या घरी पीच कॉब्लर, माझं पीच घालून भाजलेलं गोड, दोनदा मागून खाल्लं होतं आणि आम्हाला इतर विद्यापीठांना नकार कळवायला लावलं होतं. मलाही ऐकू आलं, “राजा, जागा पंचवीस, पोरं अठ्ठावीस झालीत. तुझं पुढच्या जानेवारीत बघू.” कॅमेरे रोखलेले. लामॉन्ट पुटपुटला, “आई, कुठलाही कागद दे.” ॲप्रनच्या खिशात आजच्या जेवणाचा मेनू होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर लामॉन्टने हसत सही ठोकली. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, हा कागद फ्रेम करून लावा हं!”