साडेअठरा इंच

डॉक्टरांनी सांगितलं, यशोदाकडे फार तर चार महिने आहेत. दसरा तोंडावर होता. दवाखान्यातून रिक्षा घराकडे वळली, तेव्हा यशोदाने ती मध्येच थांबवली, उतरली आणि अडीच मीटर पांढरं कापड घेऊन आली.

"हे कशाला?" गंगाधरने विचारलं.

"तुम्हाला पायजमा."

"आज?"

"मग कधी?" ती म्हणाली आणि रिक्षावाल्याकडे वळली. "चला हो भाऊ."

तीस वर्षं ती गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत होती. घरी आल्या आल्या तिने गळ्यात टेप अडकवला. गंगाधरला खुर्चीवर बसवून माप घेतलं, उभं करून घेतलं, हात लांब करायला लावून घेतलं. एकेक आकडा वहीत मांडला.

"पायजमा शिवतेस का अंगरखा?"

"वळवळू नका."

तिचा जीव कशात तरी रमतोय म्हणून ती सांगेल तसा तो उभा राहिला.

ती पौषात गेली. कापड मशीनवर घडी घातलेलंच राहिलं.

तेराव्यानंतर त्याची थोरली बहीण जगदेवी मशीनचा खण आवरत होती. दोरे, गुंड्या, मोडक्या सुया. तळाशी वहीतून फाडलेला एक कागद निघाला. त्यावर यशोदाने पेन्सिलीने न्हाणीघर काढलं होतं. आहे ते नव्हे, नवं. ओटा कुठे, नळ कुठे, धरायची दांडी कुठे, प्रत्येकापुढे इंच लिहिलेले.

गंगाधरने कागद हातात घेतला. वीस वर्षं ती त्याच्या मागे लागली होती. शहाबादी फरशी शेवाळून निसरडी झालेली, दार फुगलेलं. पाणी पाच दिवसांनी यायचं, म्हणून निम्मी जागा पिंपांनी अडवलेली. "पुढच्या वर्षी बघू," तो म्हणायचा. ते पुढचं वर्ष काही आलं नाही.

"मी करणार," तो म्हणाला. "ह्या कागदावर आहे तसंच."

"आता?" जगदेवी म्हणाली. "वर्ष तरी सरू दे रे. लोक काय म्हणतील? बायको गेली आणि हा बाथरूम नटवतोय."

"लोकांना आंघोळीला बोलावलं नाही मी, अक्का."

पुण्याहून लेकीचा, चेतनाचा फोन आला. घर भाड्याने द्यायचं आणि बाबांना आपल्याकडे न्यायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं.

"एकटे कसे राहणार तुम्ही? त्या न्हाणीत पाय घसरला तर बघायला कोण आहे?"

"न्हाणी नवी होतेय."

"कोणासाठी, बाबा? आई नाही आता."

"तिच्यासाठीच."

चेतना म्हणाली, "महाशिवरात्रीला गाडी घेऊन येते. सामान बांधून ठेवा."

गंगाधरने सामान बांधलं नाही. मंद्रूपहून धुळा गवंड्याला बोलावलं.

धुळाने कागद उलटसुलट करून पाहिला. "अण्णा, ह्यो बसायचा वटा साडेअठरा इंच? लई उंच हाय की. वैनी केवढ्याशा, पाय लोंबकळत्याल त्यांचं."

"तिचे गुडघे दुखायचे. खाली बसून उठवत नव्हतं. उंचच पाहिजे."

"आन् दांडी डाव्या भितीला? समदी उजवीकडं लावत्यात. जोर उजव्या हातात असतोय."

"कागदावर कुठे आहे?"

"डावीकडं."

"मग?"

धुळाने मान हलवली आणि छन्नी उचलली. गंगाधर फुटलेल्या फरशीचे तुकडे डाव्या हाताने उचलून बाहेर टाकत होता. एसटीच्या वर्कशॉपात उजवा खांदा निखळला होता, तेव्हापासून तो हात वर जात नव्हता. बसून राहणं मात्र त्याला जमत नव्हतं.

ओटा बांधून झाला. गंगाधरने यशोदाचा टेप आणून लावला. "सोळा. अडीच इंच कमी."

"हाताच्या सवयीनं झालं, अण्णा. समद्यांचा येवढाच असतोय."

"फोड."

"शिमिट वाळलंय की!"

"फोड म्हणतो ना."

"वैनी काय सपनात येऊन वरडत न्हाईत तुमास्नी."

"ओरडली तर बरंच. वीस वर्षं ऐकलं नाही तिचं. आता ऐकतोय."

धुळाने ओटा फोडला आणि पुन्हा बांधला.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी काम संपलं. खरबरीत फरशी, रुंद दार, पिंपं बाहेर, वर सिमेंटची टाकी. धुळाने हातपाय धुतले. "बसून बगा की, अण्णा."

"ती तिची जागा आहे."

"मग मी बसू व्हय? वटा हालतोय का, बगाय नको?"

गंगाधर नाइलाजाने बसला. त्याचे दोन्ही पाय फरशीवर सपाट टेकले. उठायला म्हणून त्याने डावा हात लांब केला. न चाचपडता दांडी मुठीत आली.

तो उठला, पुन्हा बसला. पुन्हा हात लांब केला. मग बाहेर गेला आणि मशीनवरची मापाची वही उघडली. बायकांच्या ब्लाउजांची पानं संपली तिथे यशोदाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ह्यांचा पायजमा'. खाली पहिला आकडा, 'बसून, टाचेपासून गुडघ्यापर्यंत, साडेअठरा'. दुसरा, 'हात, फक्त डावा'. त्यापुढचं पान फाडलेलं होतं. त्याने खिशातला कागद काढून फाटक्या कडेला लावला. कड कडेला जुळली.

चेतना गाडी घेऊन आली, तेव्हा सामान बांधलेलं नव्हतं. मशीनवर पांढरं कापड होतं तसंच होतं. पायजमा शिवायचा राहिला होता.