पुस्तकातला न्हावी

धाकट्या नातीला जुळ्या मुली झाल्या, त्या हिवाळ्यात बुन्नमचं बोट मुलाने लिहिलेल्या कादंबरीतल्या एका ओळीवर अडलं. ऐंशी उलटल्यावर ती गावच्या सभागृहात अक्षरं शिकली होती आणि वाचायला पहिलं पुस्तक हेच घेतलं होतं. रोज एक पान, ओठ हलवत. ओळ साधी होती. मुलगा मिठाच्या कोठारात लपलाय, हे पोलिसांना न्हाव्याने सांगितलं.

एकेक अक्षर तिने बोटाने दाबून पाहिलं. चुकलं नव्हतं.

पुढच्या पानावर आई होती. पोलीस तिला केस धरून अंगणातून फरफटत नेतात, तरी ती तोंड उघडत नाही. या आईला सगळा देश ओळखत होता. राजधानी सोलहून पोरंपोरी फळांची खोकी घेऊन येत आणि बुन्नमपुढे जमिनीला डोकं टेकत. ती त्यांना रताळी उकडून देई. तरणा मुलगा गेला म्हणून येतात बिचारी, असं तिला वाटे. पुस्तक तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. जुनी जखम कशाला उकलायची म्हणून सगळे जपत.

तिला कोणी फरफटलं नव्हतं. लष्कराच्या राजवटीत मिठागरांच्या कंपनीविरुद्ध संप झाला, तिचा मुलगा सांगगुक त्याचा पुढारी होता. संप मोडल्यावर तो लपला. एक तरुण अधिकारी घरी आला, ओट्यावर टेकला, तिने दिलेलं पाणी प्याला. म्हणाला, "आई, पळताना दिसला तर गोळी घालतील. मी आणला तर दोन महिने आत, मग घरी." ती उठली आणि बांधावरून पोलिसांच्या पुढे चालत गेली. कोठाराचं दार उघडलं तेव्हा सांगगुकने तिला पाहिलं. दोन महिन्यांची वर्षं झाली. सुटून आला तो खोकत, आणि कोठाराचा विषय त्याने कधी काढला नाही. पुस्तक छापून आलं त्याच वर्षी तो गेला.

गावात न्हावी एकच होता. चांगदल.

आता तिला एकेक गोष्ट उलगडत गेली. पुस्तक आल्यावर गावातले पुरुष केस कापायला बसने शहरात जाऊ लागले होते. चांगदल सभागृहात जेवायला आला की लोक पाठमोरे होत. हिवाळ्यासाठी कोबीचं लोणचं, किमची, घातलं की घरोघरी वाटा जाई, त्याच्या घरी जाणं थांबलं. बुन्नमनेही थांबवलं. सगळे करताहेत म्हणजे काहीतरी कारण असेल, असं तिने धरलं. एकदा विचारलं, तर मुलगी म्हणाली, "आई, तू नको त्यात पडू."

दुसऱ्या दिवशी सभागृहात बायका खारवलेल्या कोबीला तिखट चोळत बसल्या होत्या. बुन्नम त्यांच्यात बसली आणि म्हणाली, "चांगदलने नाही सांगितलं. मी सांगितलं."

हात थांबले. मग शेजारची केमसुन हसली. "ऐका हिचं. चार अक्षरं आली नाहीत तोच मुलाचं पुस्तक सुधारायला निघाली."

सरपंचाच्या बायकोने हात पुसून बुन्नमच्या खांद्यावर ठेवला. "आजी, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. शाळेत मुलांना शिकवतात ते. अक्षरं शिकवणाऱ्या बाईंकडून एकदा नीट वाचून घ्या."

"अगं, मी होते तिथे."

"आईचं मन आहे. स्वतःलाच बोल लावून घेतं."

बायका पुन्हा कोबी चोळू लागल्या. बुन्नमने कोणाला न विचारता एक भांडं भरून घेतलं आणि ती चांगदलकडे गेली.

तो आपल्याच खुर्चीत, गिऱ्हाइकाच्या जागी बसून टीव्ही पाहत होता. त्याने आधी भांड्याकडे पाहिलं.

"घर चुकलात काय, सांगगुकची आई?"

"चांगदलभाऊ, पोलिसांना मी सांगितलं होतं."

"ठाऊक आहे." त्याने टीव्हीचा आवाज बारीक केला. "छापायला देण्याआधी सांगगुक आला होता. इथेच बसला, या खुर्चीत. म्हणाला, काका, कोणीतरी सांगितलेलं दाखवावं लागतं, आणि आईचं लिहायला हात वळत नाही. मी म्हटलं, न्हावी दाखव. माझ्यामागे ना बायको ना पोर. टोमणे ऐकायला घरात कोण आहे?"

बुन्नम भिंतीला टेकून खाली बसली.

"म्हटलं, रागावून रागावून किती दिवस रागावतील? केस तर वाढणारच. येतील परत." त्याने भांड्यातलं एक पान बोटांनी उचलून तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावलं. "तेवढा हिशेब चुकला."

"मी आज सगळ्यांना सांगितलं."

"मग?"

"नीट वाच म्हणाल्या."

चांगदल हसला. हसता हसता त्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

चांगदल त्याच हिवाळ्यात, चांद्र नववर्षाच्या आदल्या आठवड्यात वारला. त्याला पोचवायला गावातून बुन्नम एकटी गेली. परत आली तेव्हा बायका तिच्या पाया पडल्या. काय काळीज आहे म्हणाल्या, मुलाच्या वैऱ्यालाही पोचवून आली.