डबीतलं मशीन

तीन महिने रावजीचा आवाज बसलेला. गळ्यात गाठच असणार, असं मनाशी धरून तो घोटीहून इंदिरानगरला कान नाक घशाच्या डॉक्टरांकडे आला. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. “गाठ नाही. ओरडून ओरडून स्वरयंत्राला घट्टे पडलेत. मास्तर आहात?” “नाय, भातशेती.” “मग ओरडता कुणावर?” रावजीनं बायकोकडं बोट केलं. दहा वर्षांपासून कानानं अधू असलेली झुंबरबाई डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला हसून मान डोलवत होती. डॉक्टरांनी रावजीला महिनाभर मौन सांगितलं आणि दुसरा केसपेपर तिच्या नावानं काढला. आठवड्यानं तिच्या कानात मशीन बसलं. पंख्याच्या आवाजानं ती दचकली, मग नवऱ्यासमोर सरसावून बसली. “बोला की!” त्यानं गळ्याला हात लावून मान हलवली. झुंबरबाईनं मशीन काढून डबीत ठेवलं. “तुम्ही बोलाया लागले की घालीन. तवर सेल कशाला जाळायचा?”