हात न लावता

"बटण तुम्ही दाबा," करिष्मा म्हणाली, तसे देवरावांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

"काहून? तूच दाब."

खाप्याजवळ कन्हान नदी खडकांतून फुटून वाहत होती. काठावर तिपाई, तिच्यावर कॅमेरा, कॅमेऱ्याच्या तोंडाशी फोटो सावकाश उमटावा म्हणून उजेड रोखणारी काळी काच. सदर बाजारातल्या आपल्या स्टुडिओतून देवरावांनी अर्ध्या नागपूरची लग्नं टिपली होती. दिवाळीनंतर हाताला कंप सुटला आणि त्यांनी स्टुडिओ लेकीच्या, करिष्माच्या, हवाली करून कॅमेऱ्याशी अबोला धरला. लेकीला स्टुडिओ हवाच होता, पण बापासकट.

"एका दाबात कमीजास्त उजेडाचे तीन फोटो निघते," ती म्हणाली. "एक आभाळासाठी, एक पाण्यासाठी, एक खडकाखालच्या अंधारासाठी. मंग लॅपटॉपवर एकावर एक बसवते. फाइल कच्चीच ठेवते. रॉ."

"निगेटिव्हच म्हण ना सरळ."

"निगेटिव्हच."

तेवढ्यानं एक हात खिशाबाहेर आला. देवराव वाकले, श्वास रोखला, डाव्या हातानं कॅमेरा घट्ट धरला आणि बटण दाबलं. जन्माची सवय, जाते कुठे?

गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला. फोटो एकावर एक बसेचनात. प्रत्येक खडकाला तीन-तीन कडा.

"पाह्यलं? म्हणूनच नाही म्हणत होतो मी."

हात परत खिशात गेले.

"हात हालल्यानं नाही बिघडला बाबा, धरल्यानं बिघडला. मी धरला तरी बिघडते. बटण दाबलं का कॅमेरा जरा थांबते, आपण हात काढावा म्हणून. वाहत्या पाण्याचा असा फोटो कोणीच धरून काढत नाही."

"कोणीच?"

"कोणीच."

देवरावांनी तिला निरखून पाहिलं. ही पोरगी लहानपणी खोटं बोलली की कान चोळायची. आता तिचे दोन्ही हात खाली होते.

ते परत काठावर गेले. थरथरतं बोट बटणावर टेकवलं, दाबलं आणि घाईनं मागे सरून हात पाठीशी बांधले. ते तिथेही थरथरत राहिले. कॅमेरा मात्र थांबला, मग सावकाश आपलं काम करत गेला. एक, दोन, तीन.

या वेळी लॅपटॉपवर खडक जागच्या जागी बसले. त्यांच्यामधून पाणी पिंजलेल्या कापसासारखं पसरलं होतं, आणि खडकाखालच्या अंधारात हिरवं शेवाळ दिसत होतं. देवरावांनी वाकून एकेक कड तपासली. चांगलं म्हणाले नाहीत. ते कधीच म्हणत नसत.

"कोन चुकला," ते म्हणाले, आणि काठाकडे चालू लागले. तिपाई स्वतःच उचलून त्यांनी पाण्याच्या आणखी जवळ रोवली. पाय चिखलात गेले, तिकडे लक्ष नव्हतं. करिष्मा त्यांना धरायला धावली.

"सरक वं तिकडं," देवराव कॅमेऱ्याला डोळा लावूनच म्हणाले. "उजेड अडवून राहिली तू."