आक्काचं कार्ड

राहनाळच्या लग्नांत धवळे गाणारी आक्का सांगायची, "माज्या गान्यांचं पुस्तक हाय. वीस वरसं झाली, मास्तर लिवून घेऊन गेला." घरचे हसायचे. सून निशा मात्र तिला घेऊन भिवंडीच्या वाचनालयात गेली. पुस्तकाचं नाव ठाऊक नव्हतं, मास्तरांचंही नाही. पुस्तकांच्या सूचीत आक्काच्या नावाचं तर कार्डच नव्हतं. "विषयावरून बघा," ग्रंथपाल म्हणाले. निशानं लग्नगीतांचा खण ओढला. सातव्याच कार्डावर 'राहनाळ, १९८६' दिसलं! पुस्तक हातात येताच तिनं पहिली ओळ वाचली. पुढचं अख्खं गाणं आक्कानं तिथंच गाऊन टाकलं. शब्दाला शब्द जुळला. मग निशानं खालची टीप वाचली: 'गायिका: एक वृद्धा.' "म्हातारी? तवा मी चाळीसची पन न्हवते!" आक्का कडाडली. ग्रंथपालांनी हसत कोरं कार्ड घेतलं. "पूर्ण नाव सांगा, आक्का." आक्कानं ऐटीत सांगितलं. "आनि वय लिवा, अडतीस!"