वारस चौकशी

"चोर आहात तुम्ही, साहेब! पंख्याखाली बसलेले चोर!"

अख्ख्या कचेरीच्या माना वळल्या. शिवणवाली कुणाच्या बापाला भीत नव्हती. स्वतःचा बाप गेला, विहिरीजवळचं रान एकट्या भावाच्या नावावर चढलं, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. त्या रानाच्या कडेला तिची खोली होती. नवऱ्यानं टाकल्यापासून ती तिथंच शिवणाचं मशीन चालवून पोट भरत होती. आता भावानं रान विकायला काढलं होतं. घेणारा म्हणे आधी खोलीच पाडणार.

"मुलगी वारस असते हे ठाऊक नाही तुम्हाला? की भावानं तोंड गोड केलं?"

"जीभ आहे का मशीन!" कोपऱ्यातला कारकून पुटपुटला.

"शिवू का तोंड तुझं?"

साहेब शांत होते. "बाई, चौकशीला मी स्वतः घरी गेलो होतो. तुम्ही नेमक्या कोण?"

"घ्या! रान गिळलं, आता मी कोण म्हणे!"

"मुलगी असल्याचा पुरावा लागेल."

बाकावरून आईनं तिची बाही ओढली. "चल गं पोरी. भिंतीवर डोकं आपटून भिंत फुटते का कधी?"

"रक्त तरी दिसेल यांना!"

आईला यायचंच नव्हतं. 'माझं काय काम तिथं?' असं वाटभर चाललं होतं. पण साक्षीला आईपेक्षा मोठं कोण? शिवणवालीनं तिला दंडाला धरून उठवलं आणि टेबलापुढं उभं केलं.

"हा घ्या पुरावा. माझी जन्मदाती. विचारा हिला!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. आईकडे बघतच राहिले.

"बाई, आमची रीत सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. "एखादा वारस वारला असं कुणी सांगितलं, की आम्ही मृत्यूचा दाखला मागतो. भाऊ असो, चुलता असो, कुणाच्या शब्दावर जात नाही. फक्त एका माणसाकडे दाखला मागायला आमची जीभ रेटत नाही."

"कुणाकडे?"

"आईकडे. यांनी दारात बसून सांगितलं, एकच मुलगी होती, ती गेली. रडत होत्या. पाणीसुद्धा मीच दिलं."

कारकून लेखणी खाली ठेवून बघत राहिला. आईची नजर फरशीवर होती. शिवणवालीनं तिचा दंड सोडला नाही. उलट बोटं रुतेपर्यंत आवळला.

"बोल ना, आई. कशानं मेले गं मी?"