पुढच्या स्टेशनावर

दोन वर्षांनी पॅसेंजर सुरू झाली, तीही तासभर उशिरा. डबा निम्मा रिकामा होता. शाळेत निघालेल्या कालिंदीबाई नेहमीच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या. पुढच्या स्टेशनावर गव्हाणेकाका चढले आणि बाई किंचाळल्याच.

“काका, तुम्ही? आम्ही ग्रुपवर तुम्हाला श्रद्धांजली वाहिली!”

“वाचली मी,” काका शेजारी टेकले. “करोनात आम्ही दोघंही दवाखान्यात होतो. गेली ती माझी बायको.”

बाई सुन्न झाल्या. तिच्या हातच्या दशम्या याच डब्यात सगळ्यांनी वर्षानुवर्षं खाल्ल्या होत्या.

“मग कळवलं का नाही?”

“काय कळवू? तुमच्यापैकी कुणी तिला पाहिलंही नव्हतं.”

“काकूंचं नाव काय होतं?” बाईंनी चाचरत विचारलं.

“शेवंता,” काका म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं.